लाथेनं न फुटणारी पेटी

मला साप आवडत नाहीत. आढेवेढे न घेता सांगतो, किळस येते. गावाकडं शेतात साप निघाला की काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं पळणाऱ्यांतला मी. त्यामुळं जूनमधल्या एका शनिवारी धाकटीचा फोन आला आणि ती म्हणाली, "दादा, मला सापासाठी लाकडाची पेटी करून दे ना," तेव्हा मी म्हणालो, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. लग्न होऊन चार वर्षांपूर्वी अमेरिकेत आली, जर्सी सिटीतल्या एका उंच बिल्डिंगमध्ये. दाजी बँकेच्या आयटीत, रोज ट्रेननं मॅनहॅटनला जाऊन-येऊन. हिला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून दिवसभर घरात. त्यांच्या शेजारी एक विद्यार्थी राहायचा. सेमिस्टर संपल्यावर तो आपला साप "एकच आठवडा सांभाळा" म्हणून हिच्याकडं ठेवून गेला, तो गेलाच. बॉल पायथन. अजगराच्या जातीचा, पण लहान, दोन-अडीच हात लांब, अंगानं जाडजूड. विष नाही. घाबरला की स्वतःचं वेटोळं करून डोकं मधोमध लपवतो. हिनं त्याला ठेवून घेतला. का, तर म्हणे तो शांत असतो.

"काचेची टाकी होती ना त्याला?" मी विचारलं.

"फुटली."

"कशी?"

"पडली."

"आणि साप?"

"बरा आहे रे. कपड्यांच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवलाय. तू करतोस ना पेटी?"

मी करणारच होतो. तिच्यापासून तासाभरावर, पिस्कॅटवेला, आमच्या घराचं गॅरेज म्हणजे माझं सुतारकामाचं दुकान आहे. गाडी बाहेर बर्फात उभी राहते आणि आत करवती, रंधे, ड्रिल निवांत झोपतात. मला राग लवकर येतो. ऑफिसात मॅनेजरला शिव्या देता येत नाहीत, मग संध्याकाळी मी गॅरेजमध्ये जातो आणि त्याच्या नावानं खिळे ठोकतो. बायको म्हणते, तुमच्या मॅनेजरनं आपल्याला पाच खुर्च्या आणि एक डायनिंग टेबल दिलंय.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं सगळी मापं सांगितली. चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच. इथवर ठीक होतं.

"पाऊण इंची प्लाय घे," ती म्हणाली.

"अगं, अर्धा इंच पुष्कळ झाला. साप आहे का गेंडा?"

"पाऊण इंचीच घे. आणि आतून कोपऱ्यांना लाकडाच्या पट्ट्या मार. पुढं काच नको."

"मग तो दिसणार कसा तुला?"

"जाड प्लास्टिकची खिडकी ठेव, वीतभर. मला पुरे. दाराला कडी-कोयंडा लाव, मोठं कुलूप बसेल असा."

"साप कुलूप उघडतो?"

ती हसली नाही. एरवी असल्या फालतू विनोदांना ती लहानपणापासून खिदळत आलीय. "आणि पेटी भिंतीला आवळून टाकायची," ती पुढं म्हणाली. "कुणाला उचलून नेता येता कामा नये."

"कोण नेणाराय तुझा अजगर उचलून? त्याला कोण विचारतंय!"

"तू कर ना रे दादा सांगते तसं. आणि लाथ मारली तरी फुटता कामा नये."

"लाथ कोण मारणार?"

"अरे, कुणाचा पाय लागतो, तोल जातो."

मी वैतागलो. दोन दिवसांत झाली असती अशा पेटीला हिनं तिजोरी करून ठेवलं होतं. पण वैताग आला की माझे हात जास्त चालतात. प्लायचे मोठे ताव आणले, करवतीवर उभे चिरले, आडवे चिरले. गॅरेजभर भुसा. एका कापात लाकडाची ढलपी उडून तळहातात घुसली, पक्कडीनं ओढून काढली, रक्त प्लायवर सांडलं, ते तसंच घासून टाकलं. कोपऱ्याकोपऱ्यांना पट्ट्या, प्रत्येक पट्टीला गोंद आणि वर स्क्रू. मागच्या फळीत हवेसाठी भोकं. आतून पॉलिशचे हात मारले, पाण्यात मिसळणारं पॉलिश, कारण दुसऱ्या पॉलिशचा वास सापाला सोसत नाही म्हणे. ते पुरतं वाळेपर्यंत पेटी उघडी ठेवायची, नाक आत घालून बघायचं, वास येत असेल तर अजून थांबायचं. मी, साप दिसला की काठी शोधणारा माणूस, सापाच्या घरात डोकं घालून वास घेत बसलेलो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "एवढं माझ्या किचनच्या कपाटाचं केलं असतंत तर!"

झाल्यावर मी बूट घातले आणि पेटीला एक सणसणीत लाथ घातली. टाच झिणझिणली. पेटीला ओरखडासुद्धा नाही. मला भारी वाटलं. बायकोला सांगून व्हिडिओ काढला, परत एकदा लाथ घातली, आणि धाकटीला पाठवला. वाटलं, आता तरी हसेल.

तिचा मेसेज आला, "अजून जोरात मारून बघ."

मी पळत येऊन मारली. गुडघ्यापर्यंत कळ गेली. पेटी तशीच. तेव्हा तिनं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं, आणि काही नाही.

पुढच्या रविवारी पेटी घेऊन जर्सी सिटीला गेलो. सामानाच्या लिफ्टमधून वर नेली. दाजींनी दार उघडलं, तोंडभर हसून. "या या दादा! काय हो हे, सापाला पॅलेस बांधलात!" पेटीचं एक टोक त्यांनीच धरलं. मग वाकून नमस्कार केला, चहा स्वतः करून आणला, आलं घालून. माणूस असा की कुणाच्याही आईला जावई म्हणून आवडेल. रोज सकाळी आपल्या आईला व्हिडिओ कॉल, संकष्टीला उपवास, मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढं. आम्हीच तर पसंत केला होता.

मी पेटी भिंतीशी लावली. इथल्या भिंती जिप्समच्या, पोकळ; आतले लाकडी खांब शोधायला ठोकून बघत होतो, तर कॅलेंडरमागं आवाज वेगळा आला. कॅलेंडर बाजूला केलं. भिंतीत भोक होतं. मूठ जाईल एवढं, कडा आत दबलेल्या. मी कॅलेंडर परत लावलं. पण मग डोळ्यांना सवयच लागली. बाथरूमच्या दाराचं बिजागर नवं, बाजूचं लाकूड चिरफळलेलं. किचनमध्ये काचेचं, चिनीमातीचं काही नाही, सगळं स्टील. लग्नात मी दिलेला डिनर सेट कुठं दिसेना. चहासुद्धा स्टीलच्या पेल्यातून आला होता.

लांब जाड स्क्रूंनी मी पेटी भिंतीला चार ठिकाणी आवळली. धाकटीनं आत नारळाच्या भुशाचा थर घातला, झाडाच्या सालीचं अर्धगोल छप्पर ठेवलं, पाण्याचं जड भांडं ठेवलं. वरच्या फळीला ऊब देणारं पॅनल बसवलं, त्याची वायर मागच्या भोकातून काढली, थर्मोस्टॅट लावला. साप एका बाजूला गरम, एका बाजूला थंड मागतो, म्हणजे त्याला पाहिजे तिकडं सरकता येतं. मग तिनं त्याला खोक्यातून उचलून आत सोडला. तो छपराखाली गेला आणि डोकं वेटोळ्यात घालून बसला. तिनं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या मंगळसूत्रात ओवली.

दाजी खाली पार्सल आणायला गेले तेवढ्यात मी विचारलं, "ते कॅलेंडरमागं काय आहे?"

"त्याला राग येतो."

"राग मलाही येतो."

"तू ओरडतोस, दादा. मग जेवतोस आणि झोपतोस." ती पेटीवरून हात फिरवत होती. "टाकी पडली नव्हती. त्यानं बॅटनं फोडली. साप काचांतून सरपटत सोफ्याखाली गेला. मी गुडघ्यावर बसून काढला त्याला." तिनं पायजमा वर केला. दोन्ही गुडघ्यांवर आडवेतिडवे व्रण, अजून लाल.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.  हातात ड्रिल होतं, ते मी खाली ठेवलं, कारण तो माणूस लिफ्टमधून वर येत होता आणि मला स्वतःचा भरवसा नव्हता.

"तुझ्यावर हात टाकलाय?"

"एकदा. मग सॉरी म्हणाला." आणि मग ती जे बोलली ते माझ्या कानातून अजून जात नाही. "हा साप घरात आहे ना, तोवर तो ह्याच्यावर जातो. टाकीवर जायचा, आता पेटीवर जाईल. हिला फोडता येत नाही, म्हणजे मारून मारून दमेल. ह्याला तू घेऊन गेलास तर तो कुणावर जाईल?"

मी गॅरेजमध्ये घाम गाळून, रक्त सांडून, प्रेमानं, माझ्या बहिणीच्या वाटणीचा मार खाणारी पेटी बनवली होती.  मी बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं.

"आत्ताच्या आत्ता चल," मी म्हणालो. "साप घे, पासपोर्ट घे, चल."

"आत्ता नेलंस तर तो मागून येईल. तुझ्या दारात तमाशा करेल, मग रडेल, पाया पडेल, वहिनीला फोन करेल, आई-बाबांना करेल. आणि मी परत येईन, दादा. मला माहितेय मी येईन. मला असं ने, की त्याच्या तोंडानं तो हो म्हणाला पाहिजे, त्याच्या आईसमोर." तिनं दाराकडं बघितलं. "पंचमीला न्यायला ये."

आमच्याकडं नागपंचमीला सासुरवाशिणीला माहेरी नेतात. भाऊ न्यायला येतो, आणि आलेल्या भावाला कुणी नाही म्हणत नाही. अमेरिकेत हे सगळं आम्ही कधीच सोडून दिलेलं. हिच्या पहिल्या पंचमीलासुद्धा मी न्यायला गेलो नव्हतो, व्हॉट्सअॅपवर झोक्याचा फोटो पाठवला होता. पण दाजींच्या आईला रीतीचं भारी. आणि आईसमोर दाजी म्हणजे गरीब गाय.

पंचमीला अजून बरेच दिवस होते. ते कसे काढले ते माझं मला ठाऊक. ती मला मेसेज करायची. मी मीटिंगमध्ये असायचो, कुणीतरी स्लाइड दाखवत असायचा, आणि फोन थरथरायचा. "आज दोन लाथा. पेटीला काही झालं नाही." "आज खुर्ची मारली. खुर्चीचा पाय मोडला." "थँक्यू दादा, छान बनवलीस." हे 'छान बनवलीस' वाचून मी एकदा मीटिंगमधून उठून पार्किंगमध्ये गेलो आणि स्वतःच्याच गाडीच्या दारावर बुक्की मारली. दाराला खड्डा पडला, बोट सुजलं. पोलिसांना फोन करतो म्हटलं तर ती म्हणायची, "थांब, पंचमीपर्यंत थांब. तू काही केलंस तर मी तुला हे पण सांगणार नाही." मग मी थांबायचो. ती बोलायची बंद झाली तर मला काय कळणार होतं?

शेवटच्या आठवड्यात मेसेज आला, की सापासाठी फ्रीझरमध्ये ठेवलेले उंदीर दाजींनी कचऱ्यात टाकले. साप उपाशी आहे. अजून काही दिवस चालेल त्याला, ती म्हणाली, उपास जमतो त्याला.

पंचमीचा दिवस उजाडला. बायकोला सगळं माहीत होतं. ती पहाटेपासून डोळे पुसत पुरण घाटत होती, पुरणाची दिंडं उकडत होती. त्या दिवशी आमच्यात तवा चढवत नाहीत, तळत नाहीत, चिरत-कापत नाहीत, जमीन खणत नाहीत, सगळं उकडून. नागाला इजा होते म्हणून. मी साडी, नारळ, ब्लाउजपीस घेऊन निघालो. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी दाजी घरूनच काम करायचे.

मी दारात गेलो तेव्हा व्हिडिओ कॉल चालूच होता. धाकटीनं वेळ बरोबर साधली होती. मी मोठ्यांदा म्हणालो, "पंचमीला न्यायला आलोय." फोनमधून दाजींच्या आईचा आवाज आला, "अगं बाई! न्या की हो! पोरीचं पंचमीचं माहेर राहूनच गेलंय." दाजींनी माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं. "हो, हो, आई. जाऊ दे की. बिचारी कुठं जात नाही." त्यांच्या आईनं मला खुशाली विचारली, दिंडं केली का विचारलं, तिकडं नागोबाचं चित्र मिळतं का विचारलं. मी सगळ्याला हसून उत्तरं दिली. हसून हसून जबडा दुखला. मग फोन बंद झाला.

धाकटी साडी नेसून तयार होती. एक बॅग, आणि सापाला न्यायला उशीचा अभ्रा. ती किल्ली काढून पेटीपाशी गेली आणि तिथंच थांबली. मी लावून दिलेलं पितळी कुलूप तिथं नव्हतं. त्याजागी जिममध्ये लावतात तसलं आकड्यांचं कुलूप होतं; रात्री ती झोपल्यावर तिच्याच किल्लीनं दाजींनी बदललं असणार.

"हिला न्या की दादा," दाजी म्हणाले. खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. "पंचमीचं माहेर, दोन दिवस. रविवारी आणून सोडा. साप इथं राहील. म्हणजे मला पण खात्री, की ही येईल."

"नंबर सांगा, दाजी," मी म्हणालो.

"विसरलो."

धाकटीनं बॅग खाली ठेवली. तिचा चेहरा असा झाला की मला कळलं, ही आता येत नाही. "मी गेले की तो ह्याला मारेल," ती मला म्हणाली, दाजी तिथं नसल्यासारखं. "कुलूप त्याच्याच हातात आहे. मी नाही येत."

एका सापापायी माझी बहीण त्या घरात राहणार होती. मी ताडकन वळलो आणि खाली पळालो. गाडीच्या डिकीत माझी हत्यारांची पेटी कायम असते. भिंतीतले चार स्क्रू काढायचे, सापासकट अख्खी पेटीच उचलायची, विषय संपला. डिकी उघडली. आत दिंडांचा डबा होता, आणि धाकटीच्या सामानासाठी स्वच्छ, रिकामी जागा. बायकोला फोन लावला.

"मी काढून ठेवली हो," ती म्हणाली. "पंचमीला लोखंड घेऊन कुठं जायचं? नागाचा दिवस." मग माझा श्वास ऐकून तिनं विचारलं, "काय झालं?"

मी फोन ठेवला. रिकाम्या हातांनी वर आलो. आणि माझ्याच पेटीच्या दाराला लाथ घातली. एकदा, दोनदा, मग मोजलं नाही. आत साप होता, तो भिंतीला आदळत असेल, मला कळत होतं तरी मी मारत होतो. पेटी ढिम्म. अंगठ्याचं नख फुटलं, मोजा ओला झाला. मागं दाजी हसायला लागले. "दादा, चांगली बनवलीत हो. मी पण रोज ट्राय करतो."

तेव्हा माझं अहो-जाहो संपलं. "उठ रे भडव्या," मी म्हणालो.

तो उठला, पण माझ्याकडं आला नाही. तो धाकटीकडं गेला आणि तिची वेणी हाताला गुंडाळून तिला खाली ओढली. अगदी सवयीनं, दाराचं हँडल दाबावं तसं. "बघ," तो तिला म्हणाला, "बघ तुझ्या भावाला काय शिकवलंयस." तिनं आवाज काढला नाही. तेच मला सहन झालं नाही. मी त्याच्या तोंडावर मूठ मारली. दात माझ्या बोटांना लागले. त्यानं वेणी सोडली आणि माझ्या गळ्याशी आला. आम्ही दोघं सोफ्यावर, सोफ्यावरून टीव्हीच्या टेबलावर, टीव्ही खाली. मी काही सिनेमातला हिरो नाही, चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस आहे, आणि तो रोज जिमला जातो. त्यानं माझं डोकं जमिनीवर आपटलं. कान वाजायला लागला. त्याचा अंगठा माझ्या डोळ्याशी आला तेव्हा मी त्याच्या मनगटाला कचकन चावलो. तो ओरडला, आणि वर गुडघा माझ्या छातीवर. मला श्वास घेता येईना. मला खरंच वाटलं, हा मला मारतोय आता.

आणि मग ठण्ण करून आवाज आला.

धाकटी पेटीसमोर उभी होती. तिच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता, आईनं लग्नात दिलेला. तो तिनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला आणि कुलपावर घातला. परत. परत. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, तोंडातून प्रत्येक घावाला हुंकार. ज्या बाईच्या तोंडून वेणी ओढली तरी आवाज निघाला नव्हता, ती आता घशातून ओरडत होती. बत्ता निसटून प्लायवर बसला, लाकडात खड्डा पडला. आम्ही दोघं मारामारी विसरून तिच्याकडं बघत राहिलो. त्याचा गुडघा माझ्या छातीवरून सैल झाला.

"ए! ए, ठेव ते!" तो म्हणाला आणि उठायला लागला. तिनं वळून बत्ता उचलला, त्याच्या दिशेनं. "ये," ती म्हणाली. एवढंच. तो होता तिथं थांबला. मग तिनं पुन्हा कुलपाकडं वळून एक घाव घातला आणि ते फालतू जिमचं कुलूप तुटून पडलं.

तिनं बत्ता टाकला, दार उघडलं आणि हात आत घातला. साप उपाशी होता, आणि इतका वेळ आम्ही सगळ्यांनी त्याच्या घराला धक्के दिलेले. हात दिसल्याबरोबर तो सुटला. तिच्या अंगठ्याखालच्या मांसात त्यानं तोंड रुतवलं आणि सगळं अंग मनगटाला, दंडाला गुंडाळलं, उंदराला गुंडाळतो तसं. हात बाहेर आला तो सापासकट. रक्त कोपरापर्यंत ओघळलं आणि नव्या साडीवर टपटपायला लागलं.

दाजी भिंतीला चिकटला. पेटीला लाथा मारणारा गडी, पण साप बाहेर बघितल्यावर त्याची बोबडीच वळली. ती त्याच्या अगदी जवळून गेली, हात पुढं धरून, आणि तो सरकत सरकत फ्रिजच्या कोपऱ्यात गेला. तिनं दुसऱ्या हातानं बॅग उचलली. मी लंगडत मागं. बाहेर शेजारची एक बाई फोन कानाला लावून दारात उभी होती, पोलिसांशीच बोलत होती बहुतेक. आम्हाला बघून ती आत सरकली.

लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटलं. माझं तोंड फुटलेलं, एका डोळ्यानं दिसत नव्हतं, आणि समोर माझ्या बहिणीचा हात तो प्राणी चावून बसलेला. मी त्याच्या मानेला हात घातला, ओढायला.

"हात लावू नकोस!" ती माझ्यावर खेकसली. आयुष्यात पहिल्यांदा. "त्याचे दात मागं वळलेले असतात. ओढलं की मांस फाटतं. आपण हलायचं नाही. हा खाऊ नाही, हे कळलं की तो आपणहून सोडतो."

"रक्त किती जातंय बघ!"

"जाऊ दे. थांब."

ती थांबली होती. पाठ ताठ, हात जरासा पुढं, श्वास हळू, डोळे लिफ्टच्या दारावर. इतकी सराईत थांबली होती. मी विचारलं, "तू हे कुठं शिकलीस?"

"तिकडं," ती म्हणाली, आणि मान वर केली, आम्ही सोडून आलो त्या मजल्याकडं. "चार वर्षं अशीच थांबले, दादा. हलायचं नाही, ओढायचं नाही. मला वाटायचं, कळेल त्याला आणि सोडेल."

 मी रडत होतो, नाकातून रक्त आणि पाणी एकत्र येत होतं. मी नुसता तिच्या शेजारी उभा राहिलो, हात न लावता.

लिफ्ट खाली पोचायच्या आत सापानं तिचा हात सोडला.